बंदरावरचं बाक

आमच्या घरात मजा करायला काहीतरी कारण लागायचं. नुसती मजा करणं पाप आहे असं तोंडाने कुणी म्हटलं नाही, पण घरातली हवाच तशी होती. आईस्क्रीम आणायचं तर कुणीतरी पास झालेलं हवं. समुद्रावर जायचं तर पुण्याहून पाहुणे आलेले हवेत, आणि तिथेही वाळूत पाय पसरून बसायचं नाही. बाबा आधी दीपगृह दाखवणार, त्याचा इतिहास सांगणार, मगच डब्यातली भेळ निघणार. लग्नानंतर आई-बाबा महाबळेश्वरला गेले तर पहिल्याच दिवशी सगळे पॉइंट उरकले, आणि आता उद्या करायचं काय म्हणून काळजीत पडले, ही गोष्ट बाबा स्वतःच हसत सांगायचे. आई हसायची नाही. त्यामुळे आमच्या शेजारच्या हिल्काताईंनी एकदा चहा पिता पिता सांगितलं, की आमच्या फिनलंडमधे माणसं संध्याकाळी मोठ्या बोटीवर चढतात, पोटभर जेवतात, नाचतात, झोपतात, सकाळी बोट पलीकडच्या देशाला लागली की खिडकीतून तो देश बघतात आणि त्याच बोटीने घरी येतात, तेव्हा आईने कप खाली ठेवला. "उतरतच नाहीत?" तिने विचारलं. "कशाला उतरायचं?" हिल्काताई म्हणाल्या, "शहर काय, कुठे जातंय?"

हे बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं. आईचं इंग्रजी सदाशिव पेठेच्या वळणाचं, हिल्काताईंचं फिनलंडच्या, पण दोघींचं एकमेकींशी बरोबर जमायचं. आम्ही तेव्हा मेलबर्नमधे, क्लेटनला एका युनिटमधे भाड्याने राहत होतो, मधली भिंत आमची आणि हिल्काताईंची सामाईक. आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना ऐकू जायच्या आणि त्यांच्या अकॉर्डियनच्या कॅसेटी आम्हाला. शिवाय रेल्वे फाटकाची घंटा दोन्ही घरांत दिवसभर. आई मराठीची एम.ए., आणि काम करायची बिस्किटांच्या फॅक्टरीत, पॅकिंगला. त्याच पट्ट्यावर हिल्काताई रिटायर होईपर्यंत तिच्या शेजारी उभ्या असायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दर रविवारी सकाळी त्या वेलदोडा घातलेला वेणीचा गोड पाव भाजायच्या. पहिल्यांदा तो वास भिंतीपलीकडून आला तेव्हा आई दारात जाऊन उभी राहिली होती, कोण शिरा करतंय म्हणून. तेव्हापासून पाव इकडे आणि शंकरपाळे तिकडे असं सुरू झालं. आई त्यांना सरळ हिल्काताई म्हणायची आणि त्याही त्या नावाला ओ द्यायच्या. परदेशात आल्यावर आईला मिळालेली पहिली मैत्रीण ही अशी सत्तरीच्या घरातली, उंच, मोठ्या पायांची आणि कमी बोलणारी होती.

बाकीच्या मैत्रिणी म्हणजे मंडळातल्या बायका. मंडळ ग्लेन वेव्हर्लीच्या एका भाड्याच्या हॉलमधे भरायचं आणि देवधरकाकू त्याच्या सर्वेसर्वा. बाई मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते, नाहीतर मेधाने काकूंवर सूड उगवला म्हणतील लोक. पण तिथे प्रत्येकाचं प्रवासवर्णन तयार असायचं. कुणी वाळवंटातला लाल डोंगर पाहिलेला, कुणी बर्फ पाहिलेला, आणि कोथिंबीर वडी फिरवता फिरवता ते सगळं आपल्याला ऐकवायचे. आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणून बाबांनी कबूल केलं, की जानेवारीत बोटीवर गाडी चढवायची आणि टास्मानिया पाहून यायचं. आईने ते मंडळात सांगून टाकलं, तेही हळदीकुंकवाच्या भर गर्दीत. आणि मग ऐन वेळी बाबांची रजा नामंजूर झाली. नवीन नोकरी, काँट्रॅक्टवरची, बोलणार कुणाला. आई दोन दिवस भांड्यांशी भांडली. तिसऱ्या दिवशी हिल्काताई आल्या आणि म्हणाल्या, मी दरवर्षी जाते त्याच बोटीने, गाडीबिडी नाही, तू आणि मुलगी चला माझ्याबरोबर. आम्ही जातो तसं जाऊ.

बाबांनीच तिला ढकललं खरं तर. "जा गं, मी डबा नेईन, उपाशी नाही मरत," म्हणाले. आईने तरी दोन दिवसांच्या पोळ्या लाटून फ्रीजमधे ठेवल्या, प्रत्येक चळतीवर चिठ्ठी. आमच्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि केळ्यांचा अख्खा फणा. पिअरवर पोचलो तर हिल्काताई आधीच उभ्या, निळा फ्रॉक, मोत्यांची माळ, आणि एका कापडी पिशवीत वेगळे बूट. "नाचायचे," त्या म्हणाल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. बोट सुटली तेव्हा अजून चांगलं ऊन होतं. हिल्काताई डेकवर टोपी एका हाताने धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी एरवी कधी बघितलं नव्हतं. ही बोट मूळची आमच्याकडचीच, समुद्र बदलून इकडे आली, असं त्यांचं म्हणणं. खरंखोटं देव जाणे. माझ्या त्या वयात मला सगळ्याचाच कंटाळा येत असे, पण मेलबर्न मागे जायला लागल्यावर मीही कठड्याला धरून उभी राहिले ती आत जाईचना.

जेवणाचा हॉल म्हणजे लग्नाची पंगत, फक्त आपली आपण वाढून घ्यायची. आईने भराभर सगळं एकाच ताटात घेतलं, बटाटे, सॅलड, पाव, वर केकचा तुकडा, मधे तिच्या पुऱ्या. हिल्काताईंनी ते ताट हळूच बाजूला केलं. म्हणाल्या, असं नाही. आधी थंड, त्याची वेगळी बशी. मग थांबायचं, बाहेर बघायचं, गप्पा मारायच्या. मग गरम. मग परत थांबायचं. "बोट पळून जात नाही, वर्षा." आईला वर्षा म्हणणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं; ती एकतर मिसेस कुलकर्णी किंवा मेधाची आई. ती थांबायला शिकली. एका वाटीभर रताळ्याच्या सॅलडवर तिने इतका वेळ काढला की मला वाटलं हिला बरं नाही. हिल्काताईंनी मागवलेल्या लाल रंगाच्या गोड दारूचा एक घोटही घेतला तिने, "कफ सिरपसारखं लागतं" म्हणाली, आणि अजून एक घेतला. मी हे बाबांना सांगणार नाही, असं मी म्हटलं तर म्हणाली, "सांग की. मी काय चोरी केली?" पण लगेच इकडेतिकडे बघितलं, मंडळातलं कुणी असावं तसं.

मग बारमधे एक माणूस पेटीसारखं काहीतरी वाजवायला लागला आणि म्हातारीकोतारी, ट्रक ड्रायव्हर, सुट्टीवर निघालेली जोडपी उठून नाचायला लागली. हिल्काताईंनी बूट बदलले. आईसमोर येऊन त्यांनी मान किंचित वाकवली. आमच्याकडे बायका बायकांबरोबरही नाचतात, त्या म्हणाल्या, आणि नियम असा की दोन गाणी नाचायचं आणि मग जिथून उठवलं तिथे परत आणून सोडायचं, कुणाला मधेच टाकून जायचं नाही. आई नाही नाही म्हणत उठली. कॉटनची साडी, पायात स्केचर्ससारखे पांढरे बूट, एक हात हिल्काताईंच्या खांद्यावर. सुरुवातीला ती पावलं मोजत होती, ओठ हलताना दिसत होते. मग बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली, एकदम हेलकावली, दोघी एकमेकींवर आदळल्या आणि आई हसली. मी तिला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं, आणि आज पंचवीस-तीस वर्षांनी सांगते, नंतरही नाही. दोन गाणी झाल्यावर हिल्काताईंनी तिला नियमाप्रमाणे खुर्चीपर्यंत आणून सोडलं. आई पाणी प्यायली, तिने पदर खोचला आणि स्वतःच उठून त्यांच्यासमोर मान वाकवली.

सकाळी टास्मानियातल्या डेव्हनपोर्टला उतरावं लागलं, कारण इथे फिनलंडसारखं आत बसू देत नाहीत. उतरायच्या आधी कळलं की पलीकडे फळं न्यायला बंदी आहे आणि तपासायला कुत्रा उभा आहे. टाकून देणं आईच्या रक्तात नाही. मग आम्ही तिघींनी बोटीवरच्या आमच्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून सगळा फणा संपवला. बाहेर नदी, गवत, आणि बंदराजवळ एक हिरवं बाक. हिल्काताई तिथे बसल्या, थर्मास उघडला, पत्त्यांचा कॅट काढला. परतीची बोट म्हणजे हीच, संध्याकाळची. आईने एकदा विचारलं, बस जाते का हो डोंगराकडे. हिल्काताई म्हणाल्या, जात असेल. आई थोडा वेळ उभी राहिली, मग बूट काढून बाकावर मांडी घालून बसली. आख्खा दिवस आम्ही पत्ते खेळलो, चिप्स खाल्ल्या, आई उन्हात आडवी होऊन चक्क घोरली. टास्मानिया म्हणून मी जे पाहिलंय ते एवढंच.

सोमवारी देवधरकाकूंचा फोन आला. मी पॅसेजमधेच होते. आई फोन धरून उभी, आणि पलीकडून काकूंचा आवाज, "काय काय पाहिलंत?" आई म्हणाली, "सगळंच." एवढाच शब्द. काकू म्हणाल्या, मग दिवाळी अंकासाठी लिहाच, तुम्ही तर एम.ए. झालेल्या. पुढे काहीतरी म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण आईचे कान लाल झाले होते. तिने लायब्ररीतून टास्मानियाचं जाडजूड पुस्तक आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसली. बाबा म्हणाले, "अगं, बोटीचंच लिही की. छान होईल." आईने पेन ठेवलं. "काय लिहू? खाल्लं, झोपले, नाचले? तुम्ही इथे शिळी पोळी घेऊन कामावर, आणि मी तिकडे नाचले, असं लिहू? लोक काय म्हणतील ते राहू दे, मलाच लाज वाटते." बाबा म्हणाले, त्यात लाज कसली. पण बाबांचं हे म्हणणं तिच्या कामाचं नव्हतं. दोष त्यांनी दिला असता तर भांडता आलं असतं, इथे ती स्वतःच स्वतःला देत होती.

लेख सुंदर झाला होता, हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही. काकूंनी तो दिवाळीच्या कार्यक्रमात वाचायला सांगितला. वर, लेख न्यायला घरी आल्या तेव्हा कुंपणापाशी हिल्काताई भेटल्या, तर त्यांनाही आग्रहाचं आमंत्रण दिलं: मिसेस कुलकर्णी टास्मानियाच्या ट्रिपबद्दल वाचणार आहेत, या तुम्ही. झालं. हिल्काताई आल्या, निळ्या फ्रॉकमधे, मोत्यांची माळ घालून, आणि हॉलमधे माझ्या शेजारी बसल्या. आईने स्टेजवरून त्यांना पाहिलं आणि चष्मा उगाचच पुसला.

ती वाचायला लागली. पर्वताच्या माथ्यावरून धुकं कसं उतरत होतं, तळ्याचं पाणी कसं काचेसारखं. हिल्काताई माझ्या कानाशी वाकल्या, "काय म्हणते?" मी काय सांगणार होते? म्हटलं, ती म्हणतेय, बोट सुटली तेव्हा तुम्ही डेकवर टोपी धरून उभ्या होतात. हिल्काताईंनी मान हलवली. स्टेजवर आई कैद्यांच्या पडक्या कोठड्यांपाशी पोचली, तिथे तिचे डोळे पाणावले असं लेखात होतं, आणि मी इकडे कुजबुजत होते की तुम्ही तिचं ताट बाजूला केलंत, तिला थांबायला शिकवलंत. आई दऱ्या उतरत होती आणि मी केळी संपवत होते. शेवटी तिने सूर्यास्त केला, मी दोन गाणी आणि परत खुर्चीपर्यंत आणून सोडणं सांगितलं. हिल्काताईंनी पर्समधून रुमाल काढला. टाळ्या वाजल्या तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ त्या वाजवत होत्या.

नंतर चहा. चकली, चिवडा, कागदी बशा. बायका आईभोवती जमल्या आणि हिल्काताई त्यांच्यात शिरल्या. त्या एरवी इतकं बोलायच्या नाहीत. देवधरकाकूंना म्हणाल्या, "किती छान सांगितलं, नाही? दिवसभर आम्ही त्या एका बाकावर. कुठ्ठेही गेलो नाही. आणि काय नाचते ही." काकूंनी आधी त्यांच्याकडे, मग आईकडे पाहिलं. बाकीच्याही थांबल्या. मी बशी धरून उभी होते, आणि मला खरंच वाटलं की आता आई हसेल, म्हणेल, हो हो, पकडलंत. आई हसली. आणि मराठीत म्हणाली, "वय झालंय हो त्यांचं. तिकडचं नि इकडचं एक होतं डोक्यात."

"अगंबाई, बिचाऱ्या," काकू म्हणाल्या. मग त्यांनी हिल्काताईंना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, बशीत अजून चकल्या घातल्या आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने, एकेक शब्द तोडून इंग्रजी बोलायला लागल्या. हिल्काताईंना या पाहुणचाराचा फार आनंद झाला. चकली आवडली म्हणाल्या.

परत आम्ही हिल्काताईंच्याच गाडीतून आलो, बाबा शिफ्टला होते. आई पुढे, मी मागे. फाटक लागलं, घंटा सुरू झाली, गाडी थांबली. हिल्काताई आरशातून मला म्हणाल्या, "शेवटी वर्षा माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, ते काय होतं?" मी आईच्या मानेकडे बघत राहिले. तिने सांगावं म्हणून थांबले. ती खिडकीबाहेर बघत होती, पर्स दोन्ही हातांनी धरून. शेवटी मीच म्हटलं, "ती म्हणाली तुम्ही तिच्या सगळ्यांत जवळच्या आहात." हिल्काताईंनी आईच्या गुडघ्यावर थोपटलं. आगगाडी गेली तरी फाटक बराच वेळ उघडलं नाही, दुसरी यायची होती.

त्यानंतर आई रविवारी काहीतरी काम काढून बसायला लागली. पाव यायचा, तो मी घ्यायला जायचे. ज्याचं आपण वाकडं केलं त्याच्याच तोंडाकडे बघवत नाही, आणि ज्याचं केलं त्याला तर पत्ताच नाही, म्हणजे माफी मागायलाही आधी दुखवावं लागणार. पुढच्या जानेवारीत हिल्काताईंनी विचारलं, बोट? आईने गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. चाळिशीतले गुडघे. त्या एकट्या गेल्या. नंतर भाचीकडे क्वीन्सलंडला राहायला गेल्या, ख्रिसमसला कार्ड यायचं, आई शंकरपाळ्यांचं पार्सल पाठवायची, वर्षागणिक मोठं होत गेलेलं. मग एका वर्षी कार्ड भाचीने पाठवलं. आईने त्या दिवशी वेलदोडे कुटले, कशात घातले नाहीत, नुसते कुटून ठेवले.

आता आई माझ्याकडे असते, ग्लेन वेव्हर्लीला. चहा झाला का हे तीनदा विचारते. माझी मुलं तिला "यस आजी, यू हॅड इट" म्हणून सांगतात आणि ती परत विचारते. जुनं मात्र सगळं लख्ख. यंदा गणपतीत देवधरकाकूंकडे आरतीला गेलो होतो. काकू थकल्यात, पण राज्य सोडलेलं नाही. पुण्याहून नुकतंच आलेलं एक तरुण जोडपं टास्मानियाला निघालं होतं, तर काकू त्यांना म्हणाल्या, "यांना विचारा, यांनी लिहिलंय त्यावर. त्या डोंगराचं वर्णन तर मला अजून आठवतंय."

आई मोदक खात होती. म्हणाली, "मी नाही पाहिला डोंगर. आम्ही बाकावर बसलो होतो. आणि बोटीवर नाचले मी."

त्या मुलीने नवऱ्याकडे बघितलं. काकूंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "वय झालंय गं आता त्यांचंही." मायेनेच म्हणाल्या. आणि खरं सांगते, माझी मान हो म्हणायला हललीसुद्धा. किती सोपं होतं. सणाचा दिवस, परकी माणसं, कुणाचं काय बिघडत होतं? पण आई माझ्याकडे बघत होती. मी गाडीत तिच्या मानेकडे बघत होते ना, तशीच थांबून.

"नाही काकू," मी म्हटलं, "ती बरोबर सांगतेय. डोंगर पुस्तकातला होता."

आईने मोदक खाली ठेवला. "हिल्काताईंचं डोकं ठणठणीत होतं," ती म्हणाली. "मी उगाच बोलले त्यांना. तुम्ही त्यांना हाताला धरून बसवलंत."

काकूंनी खूप वेळ आठवून पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कोण गं हिल्काताई?"

आईचा चेहरा उतरला. मी बशी बाजूला ठेवली, तिच्याजवळ खाली बसले, आणि त्या दिवशी हॉलमधे जे इंग्रजीत कुजबुजले होते ते सगळं मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, बोट सुटली तेव्हा त्या डेकवर टोपी धरून उभ्या होत्या तिथपासून.